डोक्यांतील कोंडा : त्याचीं कारणें व लक्षणें

नाशिक जिल्ह्यांत मार्गशीर्ष लागला म्हणजे थंडीचा खरा अंमल सुरू होतो. निफाडच्या बाजूस पारा कांहीं वर्षीं पांच अंशांच्याही खालीं उतरतो. द्राक्षांचे बागाईतदार पहांटे उठून बागेंत शेकोट्या पेटवितात, आणि गोदाकांठचीं वृद्ध मंडळी कानटोपी व शाल घेतल्यावांचून घराबाहेर पडत नाहींत. याच दिवसांत आणखी एक तक्रार घरोघर ऐकूं येऊं लागते. गडद रंगाच्या कपड्यावर, खांद्यापाशीं, पीठ सांडल्यासारखे पांढरे कण दिसतात; फणी फिरवितांच भुसा गळतो; आणि डोकें सारखें खाजत राहतें. या तक्रारीस मराठींत 'कोंडा' म्हणतात.

ही तक्रार क्षुल्लक आहे असें पुष्कळांस वाटतें, आणि बहुतेक वेळां तें खरेंही असतें. कोंड्यानें कोणी दगावत नाहीं. परंतु कोंड्याच्या नांवाखालीं निरनिराळे तीन-चार विकार एकत्र ढकलले जातात, आणि त्यांपैकीं प्रत्येकाचें कारण, स्वरूप व उपाय हीं भिन्न आहेत. एकास तेलानें जोर चढतो. दुसरा वरून लावलेल्या औषधास दाद देत नाहीं. त्यासाठीं पोटांतच औषध द्यावें लागतें, आणि तें वेळेवर न दिल्यास मुलाच्या डोक्यावर जन्माचें टक्कल राहूं शकतें. तिसऱ्याचा संसर्ग मुळींच होत नाहीं, तरीही लोक रोग्यापासून चार हात दूर बसतात. नांव एकच असल्यामुळें उपायही एकच केला जातो, आणि नुकसान होतें तें येथें. यास्तव कोंडा म्हणजे काय, आणि काय नव्हे, हें नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

'कोंडा' हा शब्द मूळचा धान्याचा. दळलेलें पीठ चाळलें म्हणजे चाळणींत जें टरफल उरतें, तो कोंडा. डोक्यांतून गळणाऱ्या पापुद्र्यांस लोकांनीं तेंच नांव दिलें, कारण दिसण्यांत दोहोंत फारसा फरक नाहीं. नवल असें कीं, ग्रीक वैद्यांसही हीच उपमा सुचली. त्यांच्या भाषेंत धान्याच्या कोंड्यास 'पिटिरॉन' म्हणत. त्यावरून या विकारास 'पिटिरायसिस' हें नांव पडलें, आणि वैद्यकाच्या ग्रंथांत तें आजही आढळतें. लॅटिन भाषेंतील 'फर्फर' या शब्दाचा अर्थही कोंडा असाच आहे, आणि तोही शब्द वैद्यकांत शिरला आहे.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनींही या विकाराची नोंद केलेली आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत क्षुद्ररोगांचें एक प्रकरण आहे. त्यांत 'दारुणक' या नांवाचा विकार सांगितला असून, केसांची भूमि कठीण, खाजरी व रूक्ष होऊन फुटूं लागते, असें त्याचें लक्षण दिलें आहे, आणि कफ व वात यांचा प्रकोप हें त्याचें कारण मानलें आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयांत याची गणना मस्तकाच्या रोगांत केली व केस गळणें हें लक्षण त्यास जोडलें. विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, याच प्रकरणांत सुश्रुतानें 'अरुंषिका' नांवाचा दुसरा विकार वेगळा सांगितला आहे. त्यांत डोक्यावर अनेक तोंडांचीं, पुष्कळ स्रवणारीं क्षतें होतात, आणि त्याच्या कारणांत रक्त व कृमि यांचाही उल्लेख आहे. म्हणजे डोक्यावरील प्रत्येक खपली सारखी नसते, कोरडी कोणती व स्रवणारी कोणती हें आधीं पाहिलें पाहिजे, हा विवेक आपल्या परंपरेस नवा नाहीं.

आतां आधुनिक शास्त्राकडे वळूं. कोंडा कां होतो हें कळण्यासाठीं त्वचेची नित्याची रीत प्रथम पाहावी लागते. त्वचेच्या तळाशीं नव्या पेशी अखंड जन्मास येत असतात. त्या हळूहळू वर सरकतात, वर येतां येतां चपट्या व निर्जीव होतात, आणि शेवटीं गळून पडतात. या प्रवासास सर्वसाधारणपणें सुमारें चार आठवडे लागतात. निर्जीव पेशी एकएकट्या सुटतात, त्या अत्यंत सूक्ष्म असतात, व आंघोळीच्या पाण्याबरोबर नकळत वाहून जातात. सारांश, गळणें हा त्वचेचा धर्मच आहे, आणि निरोगी माणसाच्या डोक्यांतूनही रोज असंख्य पेशी गळत असतात. कोंडा झालेल्या डोक्यांत एवढेंच होतें कीं, हा क्रम घाईनें चालतो. पेशी पुरत्या पक्व होण्यापूर्वींच वर येतात, एकमेकींस चिकटलेल्या राहतात, आणि शेंकडोंच्या पुंजक्यानें सुटतात. तो पुंजका म्हणजे डोळ्यांस दिसणारा कोंड्याचा कण होय.

मग ही घाई कशामुळें होते? याचें उत्तर शोधण्यास शास्त्रज्ञांस शंभराहून अधिक वर्षें लागलीं. १८७४ सालीं लुई-चार्ल्स मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञानें डोक्याच्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून त्यांत एका बुरशीचें अस्तित्व दाखवून दिलें. पाव फुगविणाऱ्या यीस्टप्रमाणें ही बुरशी एकपेशीय असते, आणि इतकी लहान कीं, एका मिलिमीटरांत तिच्या दोन-तीनशें पेशी ओळीनें बसतील. पुढें १९०४ सालीं पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ रेमों साबुरो यांनीं तिला 'पिटिरोस्पोरम' म्हणजे कोंड्याचें बीज असें नांव दिलें. आज ती मालासे यांच्याच नांवावरून 'मालासेझिया' या नांवानें ओळखली जाते.

परंतु या शोधापुढें एक अडचण उभी राहिली. ही बुरशी कोंडा असलेल्यांच्याच नव्हे, तर जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या डोक्यावर सांपडते. जी सर्वांच्या घरीं आहे तिच्यावर एकाच घरच्या चोरीचा आळ कसा घ्यावा? या शंकेमुळें पुष्कळ वर्षें बुरशीचें मत मागें पडलें. १९८० नंतर बुरशीनाशक औषधें हातीं आलीं, आणि त्यांच्या योगानें डोक्यावरील बुरशी कमी झाली म्हणजे कोंडाही कमी होतो असें वारंवार दिसून आलें, तेव्हां तें मत पुन्हां मान्य झालें. २००७ सालीं या बुरशीच्या एका जातीचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यांत चार हजारांहून थोडीं अधिक जनुकें आहेत. पण स्निग्ध आम्लें स्वतः तयार करण्यास लागणारें जनुक मात्र नाहीं. याचा अर्थ असा कीं, जगण्यासाठीं लागणारा स्नेह तिला बाहेरूनच मिळवावा लागतो, आणि मनुष्याचें डोकें हें त्याचें अखंड चालणारें अन्नछत्र होय.

डोक्याच्या त्वचेंत केसांच्या मुळाशीं तैलग्रंथि असतात. त्यांतून पाझरणारें तेल बुरशी आपल्या पाचक रसानें फोडते. त्यांतून निघालेल्या स्निग्ध आम्लांपैकीं तिला हवीं तीं ती घेते, आणि नको असलेलीं मागें टाकते. या उरलेल्यांत ओलेइक आम्ल हें प्रमुख आहे. कित्येकांच्या त्वचेंत हें आम्ल वरच्या थरांतून आंत शिरतें व तेथें दाह उत्पन्न करतें. त्वचा त्या उपद्रवास बाहेर लोटण्यासाठीं नव्या पेशी घाईनें वर पाठविते, आणि कोंडा सुरू होतो. हें प्रयोगानेंही पडताळून पाहण्यांत आलें आहे. ज्यांस कोंड्याची खोड आहे त्यांच्या डोक्यावर नुसतें ओलेइक आम्ल लावलें असतां पापुद्रे सुटूं लागले. ज्यांस ती खोड नाहीं त्यांच्या डोक्यावर तेंच आम्ल लावूनही कांहीं झालें नाहीं. यावरून तीन गोष्टी एकत्र आल्याखेरीज कोंडा होत नाहीं असें ठरतें : त्वचेचें तेल, त्या तेलावर पोसणारी बुरशी, आणि त्या बुरशीचा उपद्रव न सोसणारी प्रकृति. यांतील पहिल्या दोन गोष्टी बहुतेकांच्या ठिकाणीं असतात. तिसरी ज्याची त्याची असते.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे कोंड्याचीं बाकीचीं वैशिष्ट्यें आपोआप उलगडतात. तैलग्रंथि वयांत येतांना जोमानें काम करूं लागतात, म्हणून कोंडा बहुधा बारा-चौदाव्या वर्षानंतर दिसूं लागतो व ऐन तारुण्यांत जोर धरतो. पुरुषांत या ग्रंथि अधिक कार्यक्षम असतात, म्हणून तक्रारही पुरुषांत अधिक असते. जगांतील सुमारें निम्म्या प्रौढांस आयुष्यांत केव्हां ना केव्हां हा त्रास होतो असें मानलें जातें. हिंवाळ्यांत तो वाढतो, कारण नाशिकसारख्या ठिकाणीं त्या दिवसांत हवा थंड तशीच कोरडी असते. त्वचेचा वरचा थर कमकुवत होतो, लोक डोकें क्वचित् धुतात, आणि धुतलें तरी कढत पाण्यानें धुतात. जागरण व मानसिक ताण यांनींही विकार उसळतो. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांस हा अनुभव येतो तो याचमुळें. कंपवाताच्या रोग्यांत, तसेंच ज्यांची रोगप्रतिकारशक्ति खालावली आहे अशांत, विशेषतः एच. आय. व्ही.च्या संसर्गांत, तो फार तीव्र होतो. म्हणून प्रौढ माणसाच्या डोक्यांत व चेहऱ्यावर एकाएकीं जोराचा कोंडा उद्भवला व हटेना, तर प्रकृतीची एकवार तपासणी करून घेणें शहाणपणाचें ठरतें.

साध्या कोंड्यांत डोक्यावर लाली नसते. बारीक, पांढरे, सैल कण सुटतात व थोडी खाज येते. विकार पुढच्या पायरीवर गेला म्हणजे त्वचा लाल होते, खपल्या पिवळसर, तेलकट व चिकट होतात, आणि त्या केसांच्या सीमेपर्यंतच थांबत नाहींत. भुंवयांत, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडींत, कानांमागें, दाढी-मिशांत व छातीच्या मध्यभागीं त्या दिसूं लागतात. हीं सर्व तैलग्रंथींचीं ठाणीं होत. या अवस्थेस वैद्यकांत 'सेबोरिक डर्माटायटिस' म्हणतात, आणि कोंडा हें तिचेंच सौम्य रूप आहे. दोहोंचाही संसर्ग होत नाहीं. कोंडा असलेल्या माणसाजवळ बसल्यानें अथवा झोपल्यानें तो लागत नाहीं. तो अस्वच्छपणाची खूण नव्हे, आणि रक्त बिघडल्याचेंही चिन्ह नव्हे. केसांविषयीं म्हणाल तर, फार खाजविल्यानें कांहीं केस तुटतात व गळतात, परंतु कोंड्यानें कायमचें टक्कल पडत नाहीं.

तान्ह्या मुलांतही या विकाराचें एक रूप दिसतें. जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत कित्येक बाळांच्या टाळूवर पिवळसर, जाड, चिकट खपल्या धरतात. महाराष्ट्रांत बाळाची टाळू तेलानें भरण्याची चाल असल्यामुळें, ही खपली तेलाचा मळ साठून झाली, किंवा आईच्या दुधांत दोष आहे, असे तर्क घरोघर केले जातात, आणि त्याचा बोल बहुधा बाळंतिणीस लागतो. वस्तुतः त्यांत तिचा कांहीं दोष नसतो. जन्मानंतर थोडे दिवस बाळाच्या तैलग्रंथि जागृत असतात. पुढें त्या मंदावतात, आणि खपल्या बहुधा वर्षाच्या आंत आपोआप जातात. जावळ काढल्यावर डोकें स्वच्छ झालें असें जें वाटतें, त्याचेंही कारण पुष्कळ अंशीं हेंच कीं, तोंपर्यंत विकाराची मुदत संपत आलेली असते. खपल्या नखानें उपटूं नयेत. थोडें तेल लावून त्या मऊ कराव्या, मग सौम्य साबणानें डोकें धुवावें, व मऊ फडक्यानें हलकेच पुसून घ्यावें, एवढें पुरे होतें.

आतां मोठ्यांच्या तेलाविषयीं. कोंडा दिसला म्हणजे डोकें कोरडें पडलें असें समजून लोक तेल वाढवितात. तेल लावतांच पापुद्रे ओले होऊन केसांस चिकटतात, दिसेनासे होतात, आणि उपाय लागू पडला असें वाटतें. परंतु दोन दिवसांनीं तेच पापुद्रे अधिक संख्येनें परत येतात. यांत आश्चर्य नाहीं. प्रयोगशाळेंत ही बुरशी वाढवावयाची असते तेव्हां तिच्या अन्नांत मुद्दाम ऑलिव्हचें तेल घालतात. तेव्हां जुन्या रीतींत चूक होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं, कारण जुन्या रीतीचे भाग दोन होते. नरकचतुर्दशीचें अभ्यंगस्नानच पाहा : पहांटे तेल चोळावयाचें, आणि लगेच उटणें लावून ऊन पाण्यानें तें काढून टाकावयाचें. नहाणाच्या दिवशींही तेलामागोमाग शिकेकाई किंवा रिठा असेच. या दोन्ही पदार्थांच्या पाण्यास फेंस येतो, आणि तो फेंस तेल व मळ उचलून नेतो. आज तेल लावणें राहिलें, आणि धुणें मात्र आठवड्यावर गेलें. कित्येक घरांतून तेल रात्रभर, किंबहुना दोन-दोन दिवस तसेंच ठेवतात. कोंड्याची प्रकृति असणाऱ्यास ही अर्धी रीत बाधते. केसांच्या लांबीस तेल लावण्यास हरकत नाहीं. डोक्याच्या त्वचेवर तें थापून ठेवूं नये, व लावल्यास थोड्या वेळानें धुऊन काढावें.

नाशिकच्या रामकुंडावर धार्मिक विधीसाठीं क्षौर करणाऱ्यांची ये-जा बारा महिने असते, आणि सिंहस्थाच्या वर्षीं, जसें २०१५ सालीं झालें, ती गर्दी कित्येक पटींनीं वाढते. मुंडन केल्यानें कोंडा समूळ जातो अशी एक समजूत आहे. मुंडनानें पापुद्र्यांस लोंबण्याची जागा उरत नाहीं, औषध त्वचेपर्यंत सहज पोंचतें, आणि डोकें रोज धुतलें जातें; त्यामुळें कांहीं दिवस आराम पडतो. परंतु तैलग्रंथि व बुरशी हीं दोन्ही जागच्या जागीं असतात, आणि केस वाढतांच तक्रार परतते. म्हणून निव्वळ कोंड्यासाठीं कोणी मुंडन करण्याचें कारण नाहीं. मुंडन करावयाचें असेल तेव्हां मात्र वस्तऱ्याचें पातें नवें आहे, हें प्रत्येकानें डोळ्यांनीं पाहून घ्यावें. एकाच पात्यानें रक्तावाटे पसरणारे कावीळीसारखे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतात. आणि ज्याचा आतां उल्लेख करावयाचा आहे, तो डोक्याचा नायटाही हत्यारांबरोबर प्रवास करतो.

कोंड्याच्या नांवाखालीं लपणारा सर्वांत घातक विकार हाच होय. नायटा किंवा गजकर्ण उत्पन्न करणारी बुरशी मालासेझियाहून अगदीं निराळी आहे. ती तेलावर नव्हे, तर केस व त्वचा ज्या द्रव्यानें बनतात त्या केराटिनावर जगते, आणि केसाच्या आंत शिरून त्यास पोखरते. हा रोग मुख्यतः वयांत न आलेल्या मुलांस होतो. म्हणूनच येथें एक सोपी खूण सांगतां येते : साधा कोंडा तान्हेपणानंतर व तारुण्यापूर्वीं सहसा नसतो; यास्तव चार ते दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यांत खवले दिसले, तर 'कोंडा झाला' म्हणून स्वस्थ बसूं नये. केस नीट न्याहाळावेत. नायट्यांत खवल्यांबरोबर केस ठिकठिकाणीं तुटलेले असतात, विरळ चकत्या पडतात, कोठें कोठें त्वचेच्या पातळीवर तुटलेल्या केसांचे काळे ठिपके दिसतात, आणि मानेच्या मागील गांठी सुजतात. कधीं कधीं त्या जागीं मऊ, दुखरी, पू झिरपणारी सूज येते. ती मधाच्या पोळ्यासारखी दिसते, म्हणून ग्रीक भाषेंतील पोळ्याच्या शब्दावरून तिला 'केरिऑन' म्हणतात. ही स्थिति येईपर्यंत दिरंगाई झाली, तर केसांचीं मुळें नष्ट होऊन तेथें कायमचा वण राहूं शकतो.

हा रोग संसर्गजन्य आहे. फणी, टोपी, उशी, रुमाल व केस कापण्याचीं यंत्रें यांवाटे तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. मांजर व कुत्रें यांच्यापासूनही त्याचा एक प्रकार लागतो. कोंड्याच्या शाम्पूनें किंवा मलमानें तो बरा होत नाहीं, कारण बुरशी केसाच्या मुळांत दडलेली असते. त्यासाठीं डॉक्टरच्या देखरेखीखालीं कित्येक आठवडे पोटांत औषध द्यावें लागतें. पूर्वीं असें औषध नव्हतें. तेव्हां क्ष-किरण देऊन मुलांचे केस पाडीत. ही रीत साबुरो यांनींच विसाव्या शतकाच्या आरंभीं बसविली होती, व ती अनेक देशांत हजारों मुलांवर योजिली गेली. अशा मुलांपैकीं कित्येकांस पुढें मेंदूचे व गळ्यांतील ग्रंथीचे अर्बुद झाल्याचें आढळून आलें. १९५८ सालीं ग्रिझिओफल्विन हें औषध पोटांतून देण्याचा मार्ग सांपडला, आणि ती धोक्याची रीत मागें पडली. आज उपाय सुलभ व निर्धास्त आहे. प्रश्न उरतो तो रोग वेळीं ओळखण्याचा. ओळखण्याची परीक्षाही सोपी आहे. खवल्याचा व तुटक्या केसाचा थोडा अंश क्षारद्रवांत ठेवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला म्हणजे बुरशीचे तंतु दिसतात.

दुसरा फसविणारा विकार म्हणजे सोरायसिस. हा बुरशीचा रोग नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकीनें त्वचेवरच चालून जाते, आणि चार आठवड्यांचा पेशींचा प्रवास थोड्या दिवसांतच उरकतो. त्यामुळें खवले जाड, कोरडे व चांदीसारखे चकचकीत होतात, त्यांखालील लाल चट्ट्यांची कड स्पष्ट आंखल्यासारखी असते, आणि ते केसांची सीमा ओलांडून कपाळावर व कानांमागें उतरतात. कोंपर, गुडघे व कमर येथेंही असेच चट्टे असतात. नखांवर टांचणीनें टोंचल्यासारखे बारीक खळगे पडतात. कित्येकांचे सांधेही दुखतात. हा विकार दीर्घकाळ चालणारा, कमी-जास्त होणारा आहे; पण तो कोणासही लागत नाहीं. तथापि त्याच्या रोग्यांनीं जें सोसलें आहे तें रोगाहून भारी आहे. एके काळीं युरोपांत याची गणना महारोगांत होई. १८४१ सालीं व्हिएन्ना येथील फर्डिनांड हेब्रा यांनीं दोहोंची फारकत स्पष्ट केली. आपल्याकडे अजूनही अशा माणसाच्या डोक्यास हात लावण्यास केशकर्तनालयांत कुरकूर होते, त्याचा टॉवेल वेगळा ठेवला जातो, आणि मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत ही गोष्ट दडवून ठेवावी लागते. या सर्वांस शास्त्राचा तिळमात्र आधार नाहीं.

येथें उवांच्या अंड्यांचाही उल्लेख केला पाहिजे, कारण शाळकरी मुलींच्या केसांतील लिखा पुष्कळदां कोंडा समजल्या जातात. फरक ओळखणें सोपें आहे. कोंड्याचा कण फुंकरीनें किंवा बोटाच्या टिचकीनें निसटतो; लीख केसाला एका बाजूनें घट्ट चिकटलेली असते, व नखांत धरून ओढल्याशिवाय सुटत नाहीं.

साध्या कोंड्यावरील उपाय त्याच्या कारणांवरूनच निघतात : तेल कमी करावयाचें, बुरशी आटोक्यांत ठेवावयाची, आणि साठलेले खवले काढावयाचे. सौम्य असेल तर आठवड्यांतून दोन-तीन वेळां कोमट पाण्यानें व साध्या शाम्पूनें डोकें धुतल्यानेंच भागतें. तेवढ्यानें न भागल्यास औषधी शाम्पू घ्यावा. त्यांत झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड अथवा किटोकोनाझोल यांपैकीं एखादें द्रव्य बुरशीवर काम करतें. सॅलिसिलिक आम्ल खवले सोडवितें. डांबराचा अर्क पेशींची घाई मंदावितो. बहुतेकांस गुण न येण्याचें कारण औषध नसून वापरण्याची रीत असते. फेंस केल्याबरोबर डोक्यावर पाणी ओतलें, तर औषधास काम करण्यास अवकाशच मिळत नाहीं. तो फेंस केसांवर नव्हे तर त्वचेवर बोटांच्या पेरांनीं चोळावा, तीन ते पांच मिनिटें तसाच राहूं द्यावा, आणि मग धुवावा. असें आठवड्यांतून दोनदां, दोन ते चार आठवडे करावें. पुढें आठवड्यांतून किंवा पंधरवड्यांतून एकदां चालू ठेवावें. प्रकृतीची खोड जात नसल्यामुळें कोंडा कायमचा नष्ट करण्याची ग्वाही कोणी देऊं शकत नाहीं. जो देतो त्याच्यापासून सावध असावें. दांत आज घांसले म्हणून उद्यां घांसावयाचे राहत नाहींत, तसाच हा प्रकार आहे. लिंबाचा रस खाजवून ओरखडलेल्या त्वचेवर चुरचुरतो व दाह वाढवितो, म्हणून तो जपून वापरावा.

एका गोष्टीपासून मात्र निक्षून दूर राहिलें पाहिजे. औषधाच्या दुकानांतून कोणाच्याही सांगण्यावरून तीव्र स्टिरॉइड असलेलीं मिश्र मलमें आणून डोक्यास, चेहऱ्यास किंवा अंगास फांसण्याची वाईट संवय देशभर पसरली आहे. अशा मलमानें खाज तत्काळ थांबते, म्हणून विश्वास बसतो. परंतु नायटा असेल तर त्याच्या खुणा पुसल्या जाऊन तो आंतल्या आंत पसरतो, आणि सोरायसिस असेल तर मलम थांबवितांच तो उसळून येतो. केंद्र सरकारनें २०१८ सालीं अशीं अनेक मलमें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असें ठरविलें, तें याचसाठीं.

मग डॉक्टरकडे केव्हां जावें? शाळकरी वयाच्या मुलाच्या डोक्यांत खवले असतील तेव्हां. केस चकतीनें गळत असतील तेव्हां. पू, सूज किंवा गांठी असतील तेव्हां. चट्टे केसांबाहेर पसरत असतील, किंवा नखें व सांधे यांत फरक पडला असेल तेव्हां. आणि औषधी शाम्पू योग्य रीतीनें चार आठवडे वापरूनही गुण नसेल तेव्हां. त्वचेच्या डॉक्टरला यांतील बहुतेक गोष्टी नुसत्या नजरेनें ओळखतां येतात. जेथें शंका असेल तेथें सूक्ष्मदर्शकाची परीक्षा आहेच. जातांना डोकें तेलानें माखून किंवा नुकतेंच घांसून धुऊन जाऊं नये. खवले जसे आहेत तसे दिसले पाहिजेत. घरांत एका मुलास नायटा निघाला, तर त्याच्या भावंडांचींही डोकीं त्याच वेळीं दाखवावीं, आणि फण्या व टोप्या वेगळ्या कराव्या.